आमचं गाव निळं का?

मराठी विभागासाठी हा माझा पहिलाच लेख. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये गेल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आईशी भांडण्यापुरतं आणि कॅन्टीनमध्ये वडापाव मागण्यापुरतं! या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या रूममेटने लाल पेनने दुरुस्त केल्या, तेव्हा तो कागद परत आलेल्या सर्व्हेइंगच्या सबमिशनसारखा दिसत होता. तरीही लिहिते आहे, कारण एक महत्त्वाचा धडा मला माझ्या कच्च्या मराठीमुळेच मिळाला. तो असा, की जमिनीचं नियोजन करणं हे अर्धंच काम आहे. ते नकाशावरून आणि मॉडेलवरून त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांना सांगता येणं हे उरलेलं अर्धं. आपल्या सिलॅबसमध्ये पहिलं अर्धं भरपूर आहे, दुसरं कुठेच नाही.

देवळातला प्रोजेक्टर

जानेवारी २०२५ मध्ये आमचं एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेरच्या बाजूला एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट आमच्या चुकीची आहे, गावाच्या नाही. काम पाणलोटाचं. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, आणि खाली ओढ्यावर बंधारा कुठे घालावा याचा आराखडा ग्रामपंचायतीला द्यायचा. खणायचं काम सगळ्यांचं, आराखडा आम्हा चार सिव्हिलवाल्यांचा.

निघण्याआधी हॉस्टेलवर दोन रात्री जागून आम्ही क्यूजीआयएसमध्ये गावाचं मॉडेल तयार केलं होतं. उंच भाग तांबडा, मधला पिवळा-हिरवा, सखल भाग निळा. असे रंगपट सॉफ्टवेअरमध्ये तयारच मिळतात. लॅपटॉपवर ते इतकं भारी दिसत होतं की आम्ही त्याचा फोटो स्टेटसला ठेवला!

तिसऱ्या दिवशी रात्री मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. पांढऱ्या धोतराचा पडदा, पुढे पुरुषमंडळी, मागे खांबांच्या पलीकडे बायका. मी वीस मिनिटं बोलले. एलेव्हेशन, कॅचमेंट, स्ट्रीम ऑर्डर... मराठी शब्द आठवेना की इंग्रजी ठोकून द्यायचा. कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना समजलं. (खरं म्हणजे वर्गात आपल्याला काही कळत नाही तेव्हा आपणही असेच गप्प बसतो. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.)

मग मागून एका आजींचा आवाज आला. "पोरी, आमची आळी निळी कशापायी दावलीस? धरणात जानार हाय का?"

एकदम गलका झाला. मी "नाही नाही, ते फक्त लो एलेव्हेशन आहे" असं म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण! गावातल्या काही घरांचे पाहुणे धरणग्रस्त. नकाशावर निळा रंग आला म्हणजे पुढे काय होतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदानाला गावातून मोजकीच माणसं आली. सरपंचताई म्हणाल्या, "ताई, तुमच्या नकाशानं रात्री कुणाला झोप लागली नाही बघा."

नकाशा आपोआप बोलत नाही

त्या दिवशी चर खणताना आमच्या डोक्यात एकच विचार, चुकलं कुठे? आकडेमोड तर बरोबर होती. परत आल्यावर मी लायब्ररीत थोडं वाचलं आणि कळलं, की हा प्रश्न फार जुना आहे.

इंग्लंडमध्ये हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा बागांची आणि मोठ्या इस्टेटींच्या परिसराची आखणी करणारा माणूस होऊन गेला. आपली योजना जमीनमालकाला समजावी म्हणून तो हाताने लिहिलेली, चित्रं काढलेली एक वही देत असे. तिची बांधणी लाल चामड्याची, म्हणून तिचं नाव 'रेड बुक'. त्यातल्या जलरंगातल्या चित्रावर कागदाची एक झडप असायची. झडप खाली असली की आजची जागा दिसणार, उचलली की योजनेनंतरची. एकच जागा, एकाच ठिकाणी उभं राहून पाहिलेली. आज आपण स्क्रीनवर आधीचं आणि नंतरचं चित्र सरकवून दाखवतो, त्याची ही आजीच म्हणायची.

पुढे इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात पारदर्शक कागदांची पद्धत मांडली. उतार, माती, पाणी, जंगल अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा कागद. जिथे बांधकाम केल्याने जास्त नुकसान, तिथे गडद रंग. सगळे कागद एकावर एक ठेवले की जो भाग फिका राहतो तिथे बांधा. आपण जीआयएसमध्ये 'लेयर' म्हणतो त्यामागे हाच विचार आहे.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. समितीने घाटाचे साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांना संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी दिल्या. शेवटच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असं समितीचंच म्हणणं होतं. पण अहवाल इंग्रजीत, आणि तो सर्वांसमोर यायला मे २०१२ उजाडला. ८१ चौरस किलोमीटरच्या चौकोनात आपलं गाव नेमकं कुठे, हे घाटातल्या माणसाने कसं शोधायचं? आपलं गाव चौकोनात आलं म्हणजे आता शेती बंद, घर बांधणं बंद, अशी भीती अनेक ठिकाणी पसरली. नकाशाचं शास्त्र चांगलं होतं, पण तो लोकांपर्यंत लोकांच्या भाषेत वेळेवर गेला नाही, आणि मधली जागा अफवांनी भरली. आमच्या देवळात जे एका रात्रीत झालं, ते तिथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालं.

समोच्च रेषा आणि आटणारा तलाव

कंटूरला मराठीत 'समोच्च रेषा' म्हणतात हे मला टी.ई.ला येऊन कळलं! पण हा शब्द सांगूनही गावात काही उपयोग नाही. आमच्यातल्या एका मित्राने मात्र छान युक्ती काढली. तो म्हणाला, "उन्हाळ्यात पाझर तलाव आटतो तेव्हा काठावर ओलीचे पट्टे राहतात ना, एकाखाली एक? तेच पट्टे वरून पाहिले की या रेषा." बस! लोकांना एका वाक्यात समजलं. जिथे काठ उभा तिथे पट्टे जवळजवळ, जिथे काठ पसरट तिथे लांबलांब. नाल्यापाशी पट्टा आत वळतो, तसंच कंटूर नाल्यात इंग्रजी व्हीसारखं वरच्या अंगाला वळतं. सर्व्हेइंगच्या ओरलला ही व्याख्या सांगून बघा, मार्क मिळतील की नाही याची गॅरंटी नाही, पण विसरणार नाही.

एक पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे

आता डिजिटल मॉडेलबद्दल. आम्ही वापरलेला डेटा एसआरटीएमचा. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने जमिनीची उंची मोजली, तो हा डेटा. आपल्या भागासाठी आधी तो ९० मीटरच्या चौकोनांत मिळायचा, २०१४ नंतर ३० मीटरचा खुला होत गेला. अशा मॉडेलला डिजिटल एलेव्हेशन मॉडेल, म्हणजे डीईएम म्हणतात.

३० मीटर बाय ३० मीटर म्हणजे ९०० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ नऊ गुंठ्यांचा! हे वाक्य गावात सांगितल्याबरोबर एक काका हसून म्हणाले, "म्हंजी माझ्या अख्ख्या वावराला एकच उंची?" अगदी बरोबर. नऊ गुंठ्यांना एकच आकडा. पाच मीटर रुंद, दोन मीटर खोल नाला त्यात हरवून जातो. शिवाय दाट झाडी असेल तर रडारला जमिनीऐवजी बराचसा झाडांचा माथाच दिसतो. उंचीतली १६ मीटरपर्यंतची चूक तर मोहिमेच्या मानकातच धरलेली होती. डोंगराचा एकूण आकार समजायला हा डेटा उत्तम, पण बंधाऱ्याची जागा ठरवायला एकट्याने पुरेसा नाही. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उंची वाढवून दाखवणं. थ्रीडीत डोंगर चपटा दिसतो म्हणून आम्ही उंची पाचपट केली होती. गावातली मुलं म्हणाली, "हा आमचा डोंगर नाहीच, हा तर हरिश्चंद्रगड!" ज्या डोंगरावर माणूस रोज चढतो तोच त्याला ओळखू आला नाही, तर मॉडेल कितीही सुंदर असो, फुकट.

खोक्यांचा डोंगर

चौथ्या दिवशी आम्ही ठरवलं, प्रोजेक्टर बंद. लोकांना हात लावता येईल असं मॉडेल करायचं. ही कल्पना आमची नव्हे. फिलिपीन्समध्ये १९९० च्या दशकापासून लोकांनी स्वतः मोजपट्टीतली मॉडेलं बनवून त्यावर आपली जंगलं आणि जमिनी नोंदवल्या आहेत, आणि केनियातल्या ओगिएक लोकांनी २००६ मध्ये आपल्या जंगलाचं असंच मॉडेल केलं. आमच्या एन.एस.एस.च्या सरांनी याबद्दल ऐकलं होतं.

कृती लिहून देते, कोणाला करायची असेल तर.

गावाचं शिवार ४ किलोमीटर बाय ३ किलोमीटर. मोजपट्टी १:२५०० घेतली, म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर मॉडेलवर १ सेंटिमीटर. मॉडेलचा आकार आला १६० बाय १२० सेंटिमीटर. डीईएमवरून १० मीटर अंतराची कंटूर काढली आणि तालुक्याच्या गावी वीसेक ए-थ्री कागदांवर प्रिंट घेऊन सेलोटेपने जोडली. किराणा दुकानांतून पुठ्ठ्याची खोकी गोळा केली. एकेका कंटूरप्रमाणे पुठ्ठा कापायचा आणि फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवायचा. गावात १२० मीटरचा चढ-उतार, म्हणून १२ थर. मोजपट्टीप्रमाणे १० मीटरला ४ मिलिमीटर हवेत, आमचा पुठ्ठा ६ मिलिमीटरचा. म्हणजे उंची फक्त दीडपट वाढली. पाचपटीपेक्षा कितीतरी प्रामाणिक! पायऱ्या आम्ही लगद्याने बुजवल्या नाहीत. प्रत्येक पायरीची कड म्हणजे एक समोच्च रेषा, हे शाळेतल्या मुलांनी न शिकवता ओळखलं.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. मॉडेल टेबलावर नाही, शाळेच्या पटांगणात जमिनीवर ठेवलं, आणि होकायंत्र लावून उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे केली. समोर खरा डोंगर, पायाशी पुठ्ठ्याचा. आता 'नॉर्थ अ‍ॅरो' कोणालाच समजावून सांगावा लागला नाही.

टाचण्या, लोकर, सुतळी आणि घरांसाठी तुरीचे दाणे ठेवले. या मोजपट्टीत तुरीचा दाणा साधारण एका घराएवढा होतो! सूचीही आम्ही ठरवली नाही. पाण्याला निळी लोकर द्यायची एवढं मी म्हणाले, तर बायकांनी दुरुस्ती केली. संक्रांतीपर्यंत वाहणाऱ्या ओढ्याला निळी लोकर, आणि दिवाळीतच आटणाऱ्याला सुतळी. कोणता ओढा कधी आटतो हे कुठल्या उपग्रहाने सांगितलं असतं?

देवळात खांबामागे बसलेल्या बायका इथे सगळ्यांत पुढे होत्या. आजींनी आधी मारुतीचं देऊळ शोधलं, मग बोट फिरवत म्हणाल्या, "हितून उतारलं की चिंच, चिंचेच्या उजव्या अंगाला आमची आळी." तिथे तुरीचा दाणा ठेवला. मग बोट ओढ्यावरून वर नेलं आणि थांबल्या.

"ह्यो वढा हितून न्हाई जात, पोरी. बहात्तरच्या दुष्काळात आमी हितं बांध घातला. मी सोता पाट्या वाहिल्यात. तवापासनं पानी पलीकडल्या अंगानं जातं."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. लगेच वर चढून गेलो. बाभळींच्या आड दगडी पिचिंगचा जुना बांध खरंच होता, १९७२ च्या दुष्काळी कामातला. नऊ गुंठ्यांच्या पिक्सेलला तो दिसला नव्हता. आम्ही बंधारा सुचवला होता त्या जागेला १४० हेक्टरचं पाणी येणार असं कॉम्प्युटर सांगत होता. बांध धरून हिशोब केला तर राहिले ८० हेक्टर!

हा फरक लोकांना हेक्टरमध्ये नाही, टँकरमध्ये सांगितला. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. एखाद्या चांगल्या पावसात १० मिलिमीटर पाणी वाहून आलं असं धरलं, तर आमच्या आधीच्या हिशोबाने १४०० टँकर आले असते, खरे येणार होते ८००. सरकारी पैशातून अर्धा रिकामा बंधारा उभा राहिला असता आणि दोष मात्र पावसाला दिला गेला असता.

दुसरी चूक एका मेंढपाळ तात्यांनी काढली. जानेवारीच्या उपग्रहचित्रावरून आम्ही एका उताराला 'पडीक' लिहिलं होतं. तात्या शांतपणे म्हणाले, "पडीक न्हाई, ताई. ते माझ्या मेंढरांचं ताट हाय." आम्ही तिथे आडवे चर आखले होते, फक्कीसुद्धा मारून झाली होती. ती पुसली आणि मेंढरांच्या दोन वाटा मोकळ्या सोडून ए-फ्रेमने पुन्हा आखणी केली. 'पडीक' हा शब्द सूचीत टाकायला एक क्लिक लागतो. पण तो शब्द कोणाचं तरी पोट पुसून टाकू शकतो, हे कोणत्याही युनिट टेस्टला विचारत नाहीत.

पुठ्ठ्यावरून परत कॉम्प्युटरवर

पुठ्ठ्याचं मॉडेल केलं म्हणजे डिजिटल मॉडेल फेकून द्यायचं, असं मुळीच नाही. मॉडेलवर दर १० सेंटिमीटरला दोरे ताणून चौकटी केल्या (एक चौकट म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर), प्रत्येक चौकटीचा सरळ वरून फोटो काढला आणि देऊळ, शाळा, तलावाचे कोपरे अशा ओळखीच्या खुणा धरून फोटो क्यूजीआयएसमध्ये बसवले. त्यावर गट नंबरचा गावनकाशा टाकला. मग आजींचा ओढा, तात्यांचं कुरण, कोरड्या विहिरी, बायकांची पाण्याची वाट, सगळं मोजमापासह नकाशात आलं. पुठ्ठ्यावर बोलणं होतं, कॉम्प्युटरवर हिशोब. दोन्ही लागतात.

सहाव्या दिवशी पुन्हा देवळात बैठक झाली. या वेळी उंचीला फक्त तपकिरी छटा, आणि निळा रंग जिथे खरंच पाणी आहे तिथेच. थ्रीडी चित्र आकाशातून नाही, तर देवळाच्या पायरीवरून माणसाला दिसेल तसं, उंची न वाढवता. आणि बंधाऱ्याच्या नव्या जागेच्या फोटोवर कागदाची झडप, वर बांधलेला बंधारा काढलेला. एक झडप पावसाळ्यातली, भरलेली. दुसरी मार्चमधली, तळाला थोडंसं पाणी असलेली. दुसरी झडप दाखवू नये असं आमच्यातल्या एकाचं मत होतं, लोक नाराज होतील म्हणे. सर म्हणाले, "सगळीकडे हिरवीगार झाडं काढायची असतील तर बिल्डरचं ब्रोशर करा, आराखडा करू नका." आम्ही दोन्ही दाखवल्या. लोक नाराज झाले नाहीत. उलट मार्चमध्ये पाणी किती राहील, कोणाच्या विहिरीला लागेल, यावर तासभर वाद झाला. बैठकीत वाद होतोय याचा मला इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला!

तुमच्यासाठी चार गोष्टी

पुढच्या शिबिराला किंवा प्रोजेक्टला जाणाऱ्या ज्युनियर्सनी एवढं लक्षात ठेवावं.

१. पाहणाऱ्याला नकाशात आधी स्वतःचं घर सापडू द्या. योजना नंतर.

२. रंगाचा अर्थ सॉफ्टवेअर नाही, लोक ठरवतात. सूची त्यांच्या शब्दांत लिहा.

३. एककं त्यांच्या रोजच्या वापरातली घ्या. हेक्टरऐवजी गुंठा, घनमीटरऐवजी टँकर. आणि आपला डेटा किती कच्चा आहे तेही त्याच एककात सांगा.

४. नकाशा असा करा की त्यात दुरुस्ती करता येईल. पडद्यावरच्या चित्राकडे लोक नुसते बघतात, टाचणी हातात दिली की बोलतात.

मित्रांनो, शेवट गोड झाला असं लिहिण्याचा मोह होतोय, पण खरं तेच सांगते. बदललेल्या जागेचा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या आराखड्यात गेला, पण हे लिहीपर्यंत मंजुरी आलेली नाही. चर मात्र आमच्या बॅचने आणि गावाने मिळून सुमारे तीनशे मीटर खणले. जुलै २०२५ मध्ये सरपंचताईंनी त्यात पाणी साठल्याचा फोटो पाठवला. मॉडेल शाळेत चौथीच्या वर्गात ठेवलंय. एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय म्हणे, पण मुलं त्यावर भूगोल शिकतात.

निघताना आजींनी मला भाकरी-ठेचा बांधून दिला आणि विचारलं, "मग, आता न्हाई ना बुडत आमची आळी?" मी म्हणाले, "नाही आजी. ती चूक माझ्या रंगाची होती." हे वाक्य मात्र मी एकही इंग्रजी शब्द न घालता बोलले.